चौकट क्रमांक चार

वाळपईहून सातची कदंब, मग अडीच किलोमीटर पायी.
शेवटचं घर झोऱ्यांचं. त्यांचा कुत्रा आम्हाला ओळखतो
आणि तरी भुंकतो, हजेरी घेतल्यासारखा.

दहा मीटर बाय दहा मीटर.
चार खुंट्या, निळी नायलॉनची दोरी,
तिची एक बाजू मागच्या महिन्यात गव्याने नेली,
कुठवर नेली असेल शिंगांवर मिरवत.
प्रज्वला टेप धरते, लॅन्सी घेर वाचतो,
तन्वेश उंची. माझं अक्षर बरं म्हणून मी वही.
त्यामुळे जंगलाला माझा हात सहसा लागत नाही,
मी फक्त ऐकते:
कुंभा, बुडातून फूट, सात कोंब, उंच तो एक्केचाळीस.
किंदळ, साल करपलेली, वर पालवी.
धायटी. धायटी. परत धायटी.
रानमोडी... मोजू, की पुष्कळ लिहू?
मोज, म्हणतात मांद्रेकर मॅडम,
पुष्कळ हा आकडा नाही.

रानमोडी दोनशे चौदा.
जळल्या घरी सगळ्यांआधी पोचलेल्या
लांबच्या नातेवाइकांसारखी
ऐसपैस बसली आहे.

त्या एप्रिलात पहिल्यांदा आलो
तेव्हा बुटांत राख, दातांत राख,
आणि बारा झाडांपुढे मी सलग लिहिलं होतं: मृत.
मॅडमनी तांबडं पेन काढलं,
बारा वेळा खोडलं,
बारा वेळा लिहिलं: अजून पान नाही.
फरक काय दोन्हींत, लॅन्सीने विचारलं.
दुसऱ्यासाठी परत यावं लागतं, त्या म्हणाल्या
आणि पाण्याची बाटली शोधू लागल्या.

वहीत रकाने अकरा.
क्रमांक, जात, घेर, उंची, फुटवे, साल,
छत्र, वाळवी, विष्ठा, पाऊलखुणा, शेरा.
आग कशी लागली, ह्याला रकाना नाही.
गावात त्याची उत्तरं तीन,
तालुक्यात सात, पेपरात रोज नवं.
तन्वेशकडे एकच आहे. ते तो सांगत नाही.

त्याच्या बापाची काजूबाग ह्या उताराला खालून टेकलेली.
बोंडं पडायच्या आधी झाडांखालचं तण
पेटवून साफ करतात. सगळेच करतात.
आणि वारा काही दरवर्षी सारखा नसतो.
चौथ्या खुंटीपाशी उभं राहिलं
की काळ्याची कड कुठून सुरू होते ते दिसतं.
मला दिसतं म्हणजे त्यालाही.
उंची घेताना बाकीचे वाकतात.
तो गुडघे टेकतो.

अकरा नंबर, माट्टी.
बावीस महिने तिच्यापुढे तेच तीन शब्द,
हल्ली तर मी नुसत्या खुणेच्या दोन रेघा मारते.
आज तन्वेश तिथेच बसून राहिला.
आकडा सांग, बस चुकेल.
थांब गो.
मग: दोन.
दोन काय?
सेंटिमीटर. नको, दीड. दीड लिही.

मॅडम चष्मा पुसून जवळ गेल्या, बराच वेळ बघितलं.
माट्टीचंच असेल असं नाही, म्हणाल्या,
फटीत पाखराने टाकलेलं बीही असेल कशाचं तरी.
पुढच्या खेपेला कळेल.
जात: अज्ञात. उंची: दीड.
शेऱ्यापाशी मी थांबले, तर त्याने वही ओढून घेतली,
त्याचं अक्षर म्हणजे खेकडा चिखलातून गेलेला,
काय लिहिलं ते मला अजून लागलेलं नाही.

उतरताना बागेच्या गडग्यावर त्याचा बाप.
हातात कोयती, घामाने बनियन अंगाला चिकटलेलं,
मागे कापलेल्या गवताचे ढीग, ओळीने सतरा.
सवयीने मी मोजले.
एकही पेटवलेला नव्हता.
आमच्याकडे नाही, पोराकडेही नाही,
वर डोंगराकडे बघत त्याने विचारलं,
परीक्षेचे मार्क विचारावेत तसं:
कितें, आयलें?

दीड, तन्वेश म्हणाला.
बापाने कोयती ह्या हातातून त्या हातात घेतली.
बस वळणावर हॉर्न देत होती,
आम्ही धावलो.